मुसक्यातली येळवस

उदगीरचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला दयानंदचा निर्णय चुकीचा वाटणार नाही. वैशाखातली संध्याकाळ, लाईट गेलेली, कूलर मुका झालेला आणि अंगातला बनियन पिळला तर कुंडीतल्या तुळशीला पुरेल एवढं पाणी निघेल अशी अवस्था. अशा वेळी दयानंदने ठरवलं, की यापुढे ऑफिसातून आलं की आपण रोज जरा वेळ बर्फात बसायचं.

त्यासाठी त्याने डोळ्यांवर बांधायचं ते व्हीआरचं यंत्र मागवलं. (एसी नाही मागवला. एसीला लाईट लागते, यंत्र चार्ज करून ठेवता येतं. दयानंद लांबचा विचार करणारा माणूस होता, असं त्याचं स्वतःचं मत होतं.) यंत्र चढवलं की समोर मनाली. मान इकडे वळवली की देवदार, तिकडे वळवली की बर्फाचे डोंगर, आणि कानात गार वाऱ्याचा आवाज. यंत्र काढलं की तोच हॉल, तोच मुका कूलर आणि किराण्याची पिशवी घेऊन समोर उभी असलेली बायको, सुकन्या.

"आलात का परत? मग आता जरा बाजारात जाऊन या."

दयानंद मोजणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होता. तालुक्यात कुणाचा बांध कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते सगळे नकाशे त्याच्या टेबलावरून जायचे. आता अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी मनःशांतीचं महत्त्व सांगू लागला. बांधावरून भावाचं डोकं फोडून आलेला माणूससुद्धा दयानंदकडून मनालीचं हवामान ऐकूनच घरी जायचा.

पण घरात या थोर गोष्टीची कदर नव्हती. एका रविवारी सकाळी सुकन्याने आणि सासूबाईंनी, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दयानंद यंत्र बांधून तिथेच मनालीत उभा होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. पायाखाली काहीतरी मऊ, ओलं, गार लागलं.

"वा," दयानंद म्हणाला, "पायालासुद्धा बर्फ लागतोय. टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेली." आणि खात्री करून घेण्यासाठी तो त्या बर्फात मनसोक्त हिंडला.

त्या वर्षी त्यांच्या घरी कुरडया झाल्या नाहीत. दयानंदचे वडील अण्णाराव कठड्याजवळ बसून सगळं बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "बैलानं पिकात तोंड घालू नये म्हनून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतेत. ह्यानं डोळ्याला बांधलंय. म्हनून पायानं नासाडी करून राहिला." त्या दिवसापासून घरात यंत्राचं नाव मुसकं पडलं.

अण्णारावांना मुसक्याचा मोठेपणा पटवायचा दयानंदने एकदा प्रयत्न केला होता. त्याने त्यांना एक प्रचंड धबधबा दाखवला. अण्णाराव बराच वेळ बघत राहिले.

"एवढं पानी चाललंय कुठं?"

"नदीला, अण्णा."

"अन् नदी?"

"समुद्राला."

"वाया," अण्णाराव म्हणाले आणि त्यांनी मुसकं काढून ठेवलं. "जीव घाबरा झाला बघ. कुनीतरी मोटर बंद करा म्हनावं."

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण कार्तिकात अण्णाराव न्हाणीत घसरले आणि नडगीचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या घरात खुर्चीवर बसवा, बाहेर हलवायचं नाही, गाडीचे धक्के तर अजिबात नकोत. अण्णारावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "येळवसला तरी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस. त्या दिवशी उदगीर, लातूर, सगळी गावं ओस पडतात आणि सगळी रानं भरतात. रानात कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, तिच्यावर शाल घालायची, आत लक्ष्मी मांडायची, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खिरीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग पिकाच्या चहूबाजूंनी "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत आंबील शिंपडायची. अण्णाराव शहरात लेकाकडे राहायला आले, रान बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलं, सगळं झालं. पण आंबील शिंपडायला दुसऱ्या कुणाचा हात त्यांनी लागू दिला नव्हता.

डॉक्टरांकडून आल्यापासून अण्णाराव बोलेनासे झाले. ताटातली भाकरी अर्धी राहू लागली. एका संध्याकाळी दयानंद मनालीत बसला होता. कानात वारा कमी करून ठेवलेला, म्हणून शेजारच्या खोलीतलं त्याला ऐकू आलं.

"लक्ष्मी, यंदा मी न्हाई गेलो तर रान काय म्हनंल?"

"रान काय म्हनतंय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आराम करा म्हनंल."

"न्हाई. म्हनंल, म्हातारा मेला काय."

दयानंदने मुसकं काढलं. त्याचे डोळे ओले झाले होते. (मनालीत असं कधी झालं नव्हतं.) तो उठून वडिलांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही रानात नाही गेलात तर रान घरात आणतो. येळवस तुम्हाला घडणारच. माझा शब्द आहे."

अण्णारावांनी लेकाकडे पाहिलं. कुरडयांची आठवण त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेली. पण ते "आन" एवढंच म्हणाले.

शब्द तर देऊन बसला. आता चौफेर दिसेल असं शूटिंग करणारा कॅमेरा हवा. तो गावात फक्त वीरण्णाकडे होता. वीरण्णा लग्नाचे फोटो काढायचा. येळवसच्या दिवशी कुणी लग्न करत नाही, त्यामुळे तो मोकळा होता.

"दया," आदल्या दिवशी अण्णाराव म्हणाले, "सुदर्शनला फोन कर. त्यो बांधावर येऊन उभा ऱ्हाईल." सुदर्शन म्हणजे त्यांचं रान बटईने करणारा माणूस. यंदाच नवा लागलेला. दयानंदने त्याला बघितलं नव्हतं, पेरणीपासून सगळा कारभार फोनवरच.

दयानंद हसला. "अण्णा, अख्ख्या तालुक्याचे नकाशे माझ्या टेबलावर असतात. मला माझ्या रानात जायला माणूस लागतो का?"

खरं सांगायचं तर लागत होता. दयानंद येळवसला दरवर्षी रानात जायचा, पण अण्णारावांच्या धोतराच्या मागे मागे. धोतर डावीकडे वळलं की हा डावीकडे, धोतर थांबलं की आपलं रान आलं. बांधापलीकडे कोण राबतं ते त्याने कधी मान वर करून बघितलं नव्हतं. रानाची त्याला ठाऊक असलेली खूण ती एवढीच, आणि ती यंदा प्लॅस्टर घालून घरी बसली होती. त्यात वीरण्णाने मोटरसायकल जुन्या गाडीवाटेने न नेता पलीकडच्या नव्या डांबरी रस्त्याने घातली. उलट बाजूने बघितलं, की चिंच, विहीर आणि कोप प्रत्येकाच्याच रानात असते.

"फोन फ्लाईट मोडवर टाका," वीरण्णा म्हणाला. "शूटिंगमध्ये रिंग वाजली की सगळं खराब होतंय. नवरदेवालाबी मी हेच सांगतो."

दयानंदने टाकला. चिंच दिसली, तिच्याखाली कोप दिसली, आणि कोपीपुढे एक म्हातारी हात करून बोलावताना दिसली. "बर्री, बर्री. हिकडं या. जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

ही सुदर्शनची आई असणार, दयानंदने हिशेब केला. कानडी मुलखातली दिसते. चांगली माणसं आहेत. तो मालकाच्या थाटात पुढे गेला.

"गडी कुठे गेला?"

"पानी आनायला गेलाय, येईल की. तुम्ही कूडर्री, बसा."

येळवसच्या दिवशी रानात आलेल्या माणसाला तू कोण, कुणाचा, असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. वाटेने चाललेल्याला हाताला धरून आणून जेवू घालायचं. त्या म्हातारीने, म्हणजे गुरम्माने, कुणी शहरातला पाहुणा समजून दयानंदला पाट दिला आणि दयानंद आपलाच पाट समजून त्यावर बसला.

"पूजा मी करणार आहे," त्याने सांगितलं.

"करा की. तुमच्या हातनं होऊ द्या. बरंच हाय."

दयानंदने पूजा केली. वीरण्णाने काठीवर कॅमेरा रोवून ती टिपली. ("जरा स्माईल द्या," तो सवयीने म्हणाला, "आता लक्ष्मीकडे बघा, आता कॅमेऱ्याकडे.") मग दयानंदने आंबिलीचा तांब्या उचलला. इतकी वर्षं तो अण्णांच्या मागून नुसता चालत आला होता. ओठ हलवायचे, आवाज अण्णांचा. आज पुढे कुणी नव्हतं. पहिल्यांदा "ओलगे" म्हणताना त्याचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा जरा बरा निघाला. हरभऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्याला वळताना तर असा खणखणीत लागला, की शेजारच्या रानातली माणसं वळून बघू लागली. त्याची छाती भरून आली. पीक काय होतं. हरभरा घाट्यांनी लगडलेला, ज्वारी पुरुषभर उंच. आपण नुसत्या फोनवर एवढं पिकवलं, याचा त्याला फार अभिमान वाटला.

जेवताना त्याने मालक म्हणून चार गोष्टी सांगितल्याही. "विहिरीची मोटर वेळेवर बंद करत जा. आणि भज्जी चांगली आहे, पण मीठ कमी आहे. पुढच्या वर्षी लक्षात ठेवा."

गुरम्माने त्याच्या ताटात अजून एक उंडा वाढला. मग म्हणाली, "हाव. ठेवते की."

दुपारी परत येताना दयानंदने ऑफिसातल्या नव्या साहेबांना संध्याकाळचं आमंत्रण दिलं. साहेब कोकणातले. आज ऑफिसात शिपाई नाही, हॉटेलं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, हे बघून गावात काहीतरी दंगा झालाय या समजुतीने ते दार लावून उपाशी बसले होते. जेवायला मिळणार म्हटल्यावर पांढराशुभ्र शर्ट घालून हजर झाले. शेजारचीही चार माणसं रानातून परत येऊन हॉलमध्ये जमली. दयानंदने सगळ्यांसमोर छोटंसं भाषण केलं. त्यात विज्ञान होतं, मातृभूमी होती आणि पितृऋणही होतं.

अण्णारावांना त्याने ऑफिससारख्या चाकाच्या फिरत्या खुर्चीवर बसवलं होतं, चहूकडचं दिसावं म्हणून. प्लॅस्टरचा पाय पुढे स्टुलावर. लक्ष्मीबाईंनी घरात सगळा स्वयंपाक केला होता. येळवस म्हणून आंबिलीने भरलेला तांब्या त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. प्यायला.

दयानंदने त्यांच्या डोळ्यांवर मुसकं बांधलं. वीरण्णाने बटण दाबलं.

"हे काय लिवलंय मधीच?" अण्णाराव म्हणाले. "शुभविवाह? लगीन कुनाचं हाय?"

"ते राहिलं काढायचं," वीरण्णा पुटपुटला. "निघून जातंय आता."

मग रान आलं. अण्णारावांनी मान वळवली, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. हॉलमध्ये सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"दिसतंय का, अण्णा?"

"दिसतंय," अण्णाराव हळू म्हणाले. "लई बेस दिसतंय. हरबरा बघा की, घाटं कसं लागलेत. ज्वारी बघा. असलं रान अख्ख्या शिवारात न्हाई."

दयानंदने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. सुकन्यासुद्धा, जी कुरडयांपासून या यंत्राकडे बघतसुद्धा नव्हती, पदराने डोळे पुसत होती.

आणि तेवढ्यात मुसक्याच्या आतून दयानंदचा आवाज आला. ओलगे ओलगे. फाटका, मग बरा, मग खणखणीत. अण्णारावांच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांचे ओठ हलले. मग हात हलला. आणि हातात तांब्या होता.

"ओलगे ओलगे," अण्णाराव गरजले, "सालम पोलगे." पहिला शिडकावा टीव्हीवर गेला.

पुढे कुणालाच आवरता आलं नाही. पिकाला फेरा घालायचा तर माणसाने फिरायला पाहिजे, आणि खुर्ची तर फिरणारीच होती. प्लॅस्टरचा पाय स्टुलावरून सुटला आणि नांगरासारखा चौफेर फिरला. टिपॉयवरचे चहाचे कप त्याच्या तडाख्यात गेले. एक फेरा सोफ्यावर, एक फेरा भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर, एक फेरा वीरण्णाच्या कॅमेऱ्यावर. साहेब उठून पळायला गेले, ते नेमके हरभऱ्याच्या चौथ्या कोपऱ्यात सापडले. पांढऱ्या शर्टावर ताकातलं ज्वारीचं पीठ आणि लसूण ओघळू लागला.

"हे काय आहे?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

"परसाद हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पुसू नका. नशीबवानावर पडतोय."

तांब्या रिकामा झाला तेव्हा अण्णाराव थांबले. मुसकं काढून त्यांनी हॉलकडे पाहिलं. कुणाच्या मिशीवर आंबील होती, कुणाच्या चष्म्यावर. दयानंद तर डोक्यापासून पायापर्यंत शिंपला गेला होता. अण्णारावांनी त्याच्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या पोरानं माझी येळवस चुकू दिली न्हाई."

दयानंदला त्या क्षणी कुणी विचारलं असतं, की मनालीला जातोस का, तर तो नाही म्हणाला असता. साहेबांनी शर्ट चिकटलेला असतानाही त्याचा हात हातात घेतला. "आपल्या ऑफिसला तुमचा अभिमान आहे," ते म्हणाले. "ज्याचं स्वतःच्या मातीवर इतकं प्रेम, तोच खरा मोजणीचा माणूस." हे वाक्य ऑफिसात फलकावर लिहावं असं दयानंदला वाटलं.

पंगत झाली, पाहुणे गेले. सुकन्या आणि दयानंद सोफा पुसत होते, तेवढ्यात दारात मलप्पा उभा. मलप्पा म्हणजे अण्णारावांच्या रानाचा बांधकरी, बांधाला बांध लागून असलेला शेजारी. कुणाचा हरभरा चांगला, यावरून दोघा म्हाताऱ्यांची जन्मभराची चुरस. मलप्पाच्या हातात डबा होता.

"अण्णाराव, पाय कसा हाय? आमच्या गुरम्मानं भज्जी पाठवली." मग त्याने खिशातून कागदाची एक पुडी काढून दयानंदपुढे धरली. "अन् हे मीठ. आमच्या कोपीत तुम्ही पूजा केलात, लई बरं वाटलं बघा. मी पान्याला गेलतो. येऊन बघतो तर तुम्ही वीरण्णाच्या गाडीवर बसून चाललेलात. ती म्हनली, पाव्हन्याला मीठ कमी पडलं, तेवढं पोचवून या. अन् मोटर मी वेळेवर बंद केली म्हनून सांगा, म्हनली."

सुकन्याच्या हातातलं फडकं थांबलं. दयानंदने पुडी घेतली, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. मलप्पा निघून गेला तरी तो पुडी धरून तसाच उभा होता.

"म्हणजे ते रान..." त्याने वडिलांकडे पाहिलं.

"मलप्पाचं," अण्णाराव म्हणाले. "हाव."

"आणि आपल्या रानातली पूजा?"

"सुदर्शननं केली. दुपारी फोन केलता मला. तुझा लागंना म्हनला."

दयानंद सोफ्यावर बसला. सोफा अजून ओला होता, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. तालुक्याचे नकाशे, साहेबांचं वाक्य, छाती भरून येणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. "तुम्हाला कळलं होतं, अण्णा? मग चार लोकांत बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मलप्पाच्या हरबऱ्याला चांगला म्हनलो मी, जिंदगीत पहिल्यांदा. ते काय सुखानं म्हनलो?" अण्णारावांनी लेकाच्या डोक्यावर वाळलेली आंबील बोटाने खरवडून काढली. "रान कुनाचंबी आसू दे. त्यात ओलगे म्हनत फिरून राहिला त्यो माझाच पोरगा होता की. मला वाटायचं, मी गेल्यावर कोन म्हनंल? आता काळजी न्हाई."

दयानंदची छाती पुन्हा भरून आली. खरोखरच भरून आली. तो थोडा सावरून बसला आणि सहज, जुन्या जाणकाराच्या सुरात त्याने विचारलं, "पण अण्णा, तुम्ही ओळखलंत कशावरून? चिंचेवरून, का विहिरीवरून?"

"तितवर नजर गेलीच न्हाई रे. पायाखाली बघितलो. एक तण न्हाई." अण्णाराव म्हणाले, "आपलं रान तर तू बघतूस."

सुकन्या तोंडाला पदर लावून आत गेली. अण्णारावांनी मोडका पाय नीट स्टुलावर ठेवला, खुर्चीत मागे रेलले आणि हात पुढे केला.

"दे ते मुसकं हिकडं. अजून एक चक्कर मारून येतो. लई आराम वाटतोय बघ त्या रानात."